पुढं कुंकू, मागं फोन

तुळजापुरात महालिंगप्पाच्या घराची आणि आमच्या घराची भिंत एकच. भिंत म्हणजे नुसतं नाव, तिकडं कुणी शिंकलं तरी इकडं माझी मांजर कान टवकारती. त्यामुळं मी मुद्दाम कान लावून ऐकलं असं कुणी म्हणू नये. त्यांची शिवरंजनी तेव्हा दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. मी ज्वारी निवडत बसले होते, आणि तिकडून महालिंगप्पाचा आवाज आला.

"पोरगी हाय का भिंगरी? सकाळी दुकानात बस म्हनलं, तर कुंकवाचं पोतं उघडं टाकून गेली घाटशिळेला. का? तर तिथून घाटात वळनाऱ्या एसट्या बघायच्या हुत्या म्हनं!"

"मग? बघून आली न्हवं माघारी?" ही शिवकांता, त्याची बायको.

"आली की! तवर माझी गिऱ्हाईकं शेजारच्या दुकानात गेली."

"बसनारी असती तर बसली असती. बस म्हनलं की तिला मुंग्या चावत्यात. सोलापूरला घाला तिला शिकायला."

"सोलापूरला? इथं डोळ्यापुढं ठरंना, तिथं काय ठरंल? उद्या हैदराबाद म्हनंल."

"म्हनंल तर म्हनंल. तुमच्या आईच्या पायाला तरी कुठं ठाव हुता? पाव्हन्यांच्या नावाखाली आळंदपस्तोर चालत जायच्या."

"माझ्या आईला मधी आनू नको, सांगून ठेवतो!"

मग एक पातेलं पडलं. त्या घरात पातेलं पडलं की शिवकांता जिंकली असं समजायचं. मी सूप उचललं आणि पाखडायला लागले, म्हणजे ऐकत नव्हते असं त्यांना वाटावं.

अशी ती रंजी सोलापूरला गेली, तिथून पुण्याला गेली आणि तिथं नोकरीला लागली. काम काय करती हे तिनं मला किती वेळा सांगितलं असेल. मी चौथी शिकलेली, तीही गुरुजींच्या दयेनं, पण एवढं कळलं की फोनच्या पडद्यावर कुठलं बटण कुठं असावं, माणसाचं बोट आधी कुठं जाईल, हे ती ठरवायची. घर बांधताना दार कुठं, चूल कुठं, मोरी कुठं हे ठरवणारा कुणीतरी असतोच की. मोरी चुलीला खेटून केली की बाई जन्मभर त्याच्या नावानं बोटं मोडती. फोनचंही तसंच असतं म्हणे. फक्त तिथं शिव्या देणारी माणसं लांब असतात, ऐकू येत नाहीत.

"तेच तर आवडत न्हाय आज्जी," ती एकदा म्हणाली. "कोन दाबतं, कशापायी दाबतं, काय दिसत न्हाय. काचंच्या खोलीत बसायचं नि काचंकडं बघायचं."

यंदा नागपंचमीला आली ती परत गेलीच नाही. पंचमी झाली, पोळा झाला, गौरी येऊन जेवून गेल्या, रंजी आपली इथंच. पुण्याची नोकरी सोडली हे तिनं घरात सांगितलं त्या दिवशी पातेलंही पडलं नाही. मला तर त्या शांततेचीच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी रंजी माझ्या ओट्यावर आली. बसली नाही, उभीच. खांबाला हात लावून या पायावरनं त्या पायावर.

"बस की गं बाई. खांब पडंल."

"आज्जी, तुमाला सांगते, तिथं सकाळी उठलं की वाटायचं, आज कुठंच जायचं न्हाय. हितं उठलं की वाटतं, आज कुठंकुठं जायचंय! मला हितंच ऱ्हायचंय. हितंच काम करायचंय."

"मग कर की. तुझ्या बापाचं दुकान हाय."

"दुकानात बसावं लागतं," ती म्हणाली आणि दोघी हसलो.

काम तिला तिच्या मामाकडं सापडलं. शिवकांताचा थोरला भाऊ गुंडप्पा, जुन्या स्टँडमागं त्याचा लॉज आहे. त्यानं यात्रेकरूंना भाड्यानं द्यायला विजेच्या पांढऱ्या स्कूटर आणल्या होत्या. आवाज नाही, धूर नाही. पहिल्यांदा माझ्या मागून एक गेली तेव्हा मी रामरक्षा म्हणायच्या बेतात होते. नवरात्रात पोलीस मोठ्या गाड्या गावात घेत नाहीत, लांब माळावर लावायला लावतात. तिथून देवळाच्या वाटेपर्यंत म्हाताऱ्याकोताऱ्यांचे हाल होतात. गुंडप्पाचं डोकं बरोबर चाललं होतं, पण किल्ल्यांनी त्याला बेजार केलं. कुणी स्कूटर पापनाश तीर्थापाशी सोडून किल्ली खिशात घालून एसटीनं सोलापूर गाठायचा. कुणी किल्ली द्यायला यायचा आणि गाडी कुठं लावली तेच विसरायचा.

"मामा, किल्लीच नको," रंजी म्हणाली. "मी ॲप करते. गाडीवर चौकोन चिकटवायचा, दुकानात पैसे देताना असतो तसला. फोन त्याच्यापुढं धरला की गाडी उघडंल. गाडी कुठं हाय ते तुमाला लॉजवर बसून दिसंल."

"आनि फोन नसला तर?"

"मामा, आजकाल जोगवा मागनाऱ्या बायांकडंबी फोन हाय."

महालिंगप्पानं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावरचा भस्माचा पट्टा खाजवत म्हणाला, "कोजागिरीपस्तोर बघतो. तुझं हे चाललं तर हितं ऱ्हा, मी एक शब्द बोलनार न्हाय. न्हाय चाललं तर पुन्याची वाट धरायची. गावभर हिंडायचं नि लोकांनी मला इचारायचं, काय हो, लेक काय करती? म्या काय सांगू, हिंडती म्हनून?"

"व्हय अप्पा," एवढंच ती म्हणाली. पण त्या दिवसापासून तिच्या चपला दारात टेकल्याच नाहीत.

उरलेला भाद्रपद तिनं चालत काढला. माळावरनं देवळापर्यंत, देवळापासून स्टँडपर्यंत, हातात कागद. कागदावर फोनएवढी चौकट आणि आत बटणांची चित्रं. रस्त्यात कुणीही दिसलं की त्याच्या नाकापुढं कागद धरायची. "दादा, गाडी पायजे तर हितलं काय दाबशाल?" रिक्षावाले तिला बघून गल्ली बदलायला लागले. मलाही तिनं सोडलं नाही.

"आज्जी, कुठलं दाबशाल?"

"हे मोठं, लाल."

"त्यानं गाडी बंद हुती."

"मग मोठं कशाला केलं? मोठं दिसलं की माणूस दाबतंच."

तिनं तिथंच पेन्सिलीनं ते बारीक केलं आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी नवा कागद. मी परत मोठं तेच दाबलं, या वेळी ते हिरवं होतं आणि गाडी उघडली. मला उगीचच परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं. कर्नाटकातनं येणाऱ्यांसाठी तिनं कन्नडही घातलं. ते आईकडून तपासून घेतलं, आणि शिवकांतानं त्यात इतक्या चुका काढल्या की रंजी म्हणाली, "आई, तू पुन्याच्या हाफिसात असतीस तर मी आधीच पळून आले असते."

रात्रीचं जेवणसुद्धा ती उभ्यानंच करायची. शिवकांता भाकरीवर पिठलं घालून ताटली तिच्या हातात द्यायची आणि ती ताटली घेऊन अंगणात येरझारा घालायची. मी म्हणायचे, अगं पोटात जातंय का पायात? पण खरं सांगायचं तर माझाही जीव थाऱ्यावर नव्हता. पोर राहती का जाती, हा घोर मला कशाला हवा होता? पण लागला. भिंत एक असली की घोरही अर्धा इकडं येतो.

घटस्थापनेच्या सकाळी गुंडप्पानं गाड्या लख्ख पुसून माळाच्या तोंडाशी रांगेत लावल्या. चौकोन हँडलच्या खाली, बरोबर मधोमध, कुणालाही समोर दिसेल असा. माणसं आली, फोन धरले, गाड्या उघडल्या, गेली. रंजी धावत येऊन सांगून गेली. "आज्जी, चाललं!" चप्पल एकाच पायात होती.

दुपारी तिचा फोन वाजायला लागला. गाडी उघडत नाही. देवळाच्या वाटेशी उभ्या असलेल्या चार गाड्या, एकही उघडत नाही. ती पळत गेली. तिच्या स्वतःच्या फोनमधून ती चौकोन न बघताच कुठलीही गाडी उघडू शकायची. मालकाच्या हाताला कुलूप ऐकतं तसं. तिनं फोनवर बोट लावलं, गाडी उघडली, माणसं गेली. तिला वाटलं, रेंजचा घोळ असेल, एवढी गर्दी, एवढे फोन. पण ती वळली नाही तोवर स्टँडवरनं फोन. तिकडं पळाली. मग पापनाशावरनं.

दुसऱ्या दिवशी परत तसंच. सकाळी सगळं गुळगुळीत, दुपारी सगळं बंद. सकाळी शहाणं आणि दुपारी वेडं, असं यंत्र मी तरी बघितलं नव्हतं. माणसं बघितली आहेत. तिनं पुण्याच्या मैत्रिणीला फोन केला, तिथल्या दोघातिघांनी म्हणे सगळं उलटंपालटं करून तपासलं. ॲपमध्ये काही खोट नाही. उन्हानं तापत असेल? दुपारी सावलीत लावल्या. तरी तेच. बटणांची जागा बदलली, पडदा उजळ केला. तेच. चौथ्या माळेपर्यंत तिचा चेहरा वाळलेल्या कडब्यासारखा झाला. लोक गुंडप्पाच्या लॉजवर येऊन बोलायला लागले, "तुमचं हे फोनचं नाटक ऱ्हावं द्या, किल्ली द्या किल्ली."

महालिंगप्पा दुकानातनं येताजाता तिच्याकडं बघायचा फक्त. त्यापेक्षा त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढचं तिनं मला नंतर ओट्यावर करून दाखवलं, जसंच्या तसं, म्हणून सांगते. गोमुख तीर्थाच्या बाजूला एक कर्नाटकातलं कुटुंब गाडीपाशी अडकलं होतं. म्हातारी, सून आणि लेक. रंजी पोचली, तर तिच्याच फोनची बॅटरी संपलेली. दिवसभर पळून पळून फोनही थकला. ती म्हणाली, तुमचा फोन द्या, मी बघते. म्हातारी म्हणाली, "निल्लव्वा, कुंकुमा हच्चबेकु." थांब बाई, कुंकू लावायचंय. देवीच्या दारातनं आणलेली कुंकवाची पुडी तिनं रंजीपुढं धरली. रंजीनं सवयीनं चिमूट घेतली, गाडीच्या कपाळाला लावली, हात जोडले आणि मग त्यांचा फोन धरला. फोन म्हणाला, दिसत नाही.

रंजीनं आपला अंगठा बघितला. लाल. गाडी बघितली. चौकोन कुठं होता ते लाल पिवळ्या लेपाखाली शोधावं लागलं.

"आज्जी," ती मला म्हणाली, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा ओट्यावर टेकली, "मी सोता लावत हुते. रोज! प्रत्येक गाडीला! उघडायच्या आधी कुंकू, मग बोट. माझी सोताची अक्कल कुठं गेली हुती?"

तिची अक्कल कुठंही गेली नव्हती. तुळजापुरात देवळातनं बाहेर पडलेला माणूस हातातलं कुंकू कुठं ठेवणार? आधी आपल्या कपाळाला, मग लेकराच्या, मग गाडीच्या. एसटीच्या काचेखाली बघा, ट्रॅक्टरच्या नाकाडावर बघा, कुंकवाचा थर चढलेला असतो. दिसतो, पण डोळ्यात भरत नाही. आणि रंजीनं चौकोन लावला होता तो बरोबर जिथं गाडीचं कपाळ असावं तिथंच. गुंडप्पा पहाटे पुसून काढायचा म्हणून सकाळी शहाणं. त्यालाही त्यात काही वावगं वाटलं नाही, कुंकू आहे, रोज पुसायचं.

त्या दुपारी आमच्या ओट्यावरच बैठक बसली. गुंडप्पा घाम पुसत म्हणाला, "सोपं हाय. पाटी लावू. गाडीला कुंकू लावू नये."

महालिंगप्पा ताडकन उठला. "कुठं लावनार पाटी?"

"गाड्यांपाशी. तुमच्या दुकानाच्या कोपऱ्यावर."

"माझ्या दुकानापाशी! मी कुंकू इकतो गुंडप्पा, मीठ न्हाय! लाव की पाटी. शेजारी आनि एक लाव, देवीला नमस्कार करू नये."

"भावजी, यवढं मनाला लावून घिऊ नका. मग चौकोन खाली लावू, पाय ठेवायच्या जागी. तिथं कोन कुंकू लावतंय?"

"आनि बाया वाकून फोन दावतील?" शिवकांता म्हणाली. "नऊवारी नेसून, लेकरू काखंत घिऊन? तू वाक आधी, दाखव मला."

गुंडप्पाचं पोट बघता तो वाकणार नव्हता. रंजी मात्र चालायला लागली होती. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"मागं," ती म्हणाली. "शीटच्या मागं, कमरंएवढ्या उंचीवर. मागं कुंकू कुनी लावत न्हाय."

"गाईच्या शेपटीला लावत्यात," गुंडप्पा.

"मामा, ही गाय न्हाय." ती परत फिरली. "पन पुढं मोकळंबी सोडून चालनार न्हाय. मोकळं दिसलं की लावतील कुठंबी. दिव्यावर, वेग दावनाऱ्या काट्यावर. मग रातीला दिवाच दिसनार न्हाय. कुंकवाला जागा पायजे. हक्काची. अप्पा, करंड्याचं झाकन हाय का?"

महालिंगप्पा दुकानात गेला आणि झाकणं घेऊन आला. रंजीनं एक कागदावर ठेवलं आणि पेन्सिल फिरवायला लागली, तसा तो म्हणाला, "ते बारकं हाय. बाया अंगठा न्हाय लावत, अख्खा हात लावत्यात. हे घे."

आणि त्यानं सगळ्यात मोठ्या करंड्याचं झाकण पुढं सरकवलं. शिवकांतानं माझ्याकडं बघितलं, मी मांजरीकडं बघितलं.

मग काय, सोलापूरहून नवे स्टिकर छापून आणायला तीच गेली. पुढं पिवळ्या रंगाचं मोठं गोल, मधी काही नाही, नुसतं मोकळं. चौकोन मागं. ॲप उघडलं की पहिल्याच पडद्यावर गाडीचं चित्र, पुढं लाल ठिपका आणि मागं फोन धरलेला हात. खाली दोन ओळी, मराठीत आणि कन्नडात. पुढं कुंकू लावा. मागं फोन धरा. मला दाखवलं तर मी म्हणाले, "आता कुठलं बटन दाबू?" ती म्हणाली, "आज्जी, आता काही दाबू नका, नुसतं कुंकू लावा." तेवढं मला जमण्यासारखं होतं.

सातव्या माळेला गाड्या दुपारीही उघडल्या. खंडेनवमीला गुंडप्पानं सगळ्या गाड्यांची पूजा केली. पिवळ्या गोलाला हळदीकुंकवाचा बोट बोट जाड थर चढला आणि मागचा चौकोन आपला स्वच्छ. तरी रंजीचं चित्त काही जागेवर येईना. महालिंगप्पाचा शब्द कोजागिरीचा होता, आणि खरी गर्दी कोजागिरीचीच. पार सोलापूर, विजयपूर, कलबुर्गीपासून चालत येतात माणसं. पायाला फोड आलेले, कापडाच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. देवीचं दर्शन होईपर्यंत ती कुठल्याही गाडीवर बसायची नाहीत, आणि दर्शन झालं की त्यांच्यानं एक पाऊलही उचलवायचं नाही. गाड्या त्या वेळी अडल्या तर लोक काय म्हणतील, हे तिला झोपेतही दिसत असणार.

त्या दिवशी मला घरात बसवेना. उंबऱ्यात यायचे, आत जायचे. शिवकांता तिकडं तेच करत होती, भिंतीपलीकडून तिच्या बांगड्या इकडून तिकडं जाताना ऐकू यायच्या. रस्ता माणसांनी भरलेला, उदो उदो चालू, आणि त्यातनं मधूनमधून त्या पांढऱ्या गाड्या आवाज न करता जायच्या. मागं पट्ट्या गुंडाळलेले पाय लोंबकळत. फोन वाजला की नाही हे मला कसं कळणार? मी आपली रंजी गल्लीतनं धावत जाते का तेवढं बघत होते. सकाळी दोनदा गेली. दुपारी नाही. दुपारी ती कोपऱ्यावर उभी दिसली, एका म्हातारीच्या कपाळाला आणि मग गाडीच्या कपाळाला कुंकू लावत. हाताला कसलीच घाई नव्हती. मग मी आत जाऊन घोटभर पाणी प्यायले.

दिवेलागणीच्या आधी महालिंगप्पानं दुकानाला फळ्या लावल्या. यात्रेच्या दिवशी एवढ्या लवकर त्यानं दुकान कधी बंद केलं नव्हतं. घरात शिरताना ओट्यावर थांबला आणि आतल्या बायकोला म्हणाला, "अगं, पुन्याच्या खोलीत तिची कॉट, कपाट असंल न्हवं? ते आनायला टेम्पो सांगावा का एसटीच्या टपावर टाकून यील?"

शिवकांता आतनंच म्हणाली, "टेम्पोच सांगा."

"सांगतो. भाडं तिचा मामा दील. त्याच्या गाड्या चालल्या."

रंजी तेव्हा दारातच होती, एका हातात चपला. तिनं ऐकलं. बापाकडं बघितलं आणि दुसऱ्या हातातला फोन वर करून त्याला दाखवला. पडद्यावर गावाचा नकाशा होता, आणि सगळे ठिपके लॉजपाशी गोळा झालेले. एकच ठिपका लांब, नळदुर्ग रस्त्याच्या नाक्यावर. कुणीतरी गाडी तिथं सोडून पुढच्या एसटीनं गेलं होतं. रोज एखादी अशी राहायचीच, आणि रोज तीच आणायला जायची.

"मी आनते," ती म्हणाली.

"गुंडप्पाचा मानूस जाईल की," महालिंगप्पा म्हणाला. "आजच्या दिवस बस."

"जाते नि येते अप्पा."

चपला पायात घातल्या आणि नेहमीच्या झपाट्यानं गर्दीत शिरली. मी वाती वळत बसले. वाती संपायच्या आत ती परतली. गाडीवर, आवाज न करता, पुढच्या गोलावर कुंकवाचा दिवसभराचा थर. एका हातानं हँडल धरून दुसऱ्या हातानं वाटेतल्या माणसांना बाजूला करत होती. शिवकांता दारातनं ओरडली, "जेवून जा गं!"

"लावून येते!" म्हणत ती थांबली नाही. कोपऱ्यावर वळली आणि गाडी चार्जिंगला लावायला लॉजकडं गेली.